भिंतीवरची मिशी

माझी मुलगी कुठेही नेण्यासारखी आहे. हे वाक्य मी आजही मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही बाईंच्या बाजूला जाण्याची दाट शक्यता आहे.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. घरात सगळेच त्यांना बाई म्हणतात, त्यांचा मुलगासुद्धा. तो दोन वर्षं त्यांच्याच वर्गात होता आणि ती दहशत त्याला जन्मभर पुरली. बाई चालतात तेव्हा हात पाठीमागे, पावलं संथ आणि नजर अशी की शेजारच्याच्या वहीत डोकावण्याची तुमची इच्छाच मरून जावी. त्या जेवणालाही गुण देतात. माझी भाजी आजवर दहापैकी साडेसहाच्या वर गेलेली नाही.

तर झालं असं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि मी जाहीर केलं की ठकूला घेऊन जाणार. ठकू म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं साडेतीन.

"ठकू इथे राहील," बाई म्हणाल्या. "तू जा, शीक, परत ये."

"मी नेणार तिला."

"एकटी सांभाळशील? परवा दवाखान्यात तिने डॉक्टरांच्या टेबलावर घर काढलं."

"लहानसं होतं."

"दुमजली होतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने वर्तमानपत्र थोडं वर केलं. माझा नवरा वर्तमानपत्र वाचत नाही, पांघरतो.

तीन महिने! तीन महिन्यांत मूल नवे शब्द शिकतं, जुनी भीती टाकतं, बुटांचा एक जोड संपवतं. तेवढ्या काळात ठकू झोपताना दुसऱ्या कुणाचा कान धरून झोपली असती. (तिला झोपायला कान लागतो. माझा डावा.) त्यामुळे मी आवाज चढवला. "बाई, माझी मुलगी कुठेही नेण्यासारखी आहे. कुठेही. तुम्ही जागा सांगा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईंनी जागा सांगितली.

"त्या चित्रकाराचं घर आहे ना, संग्रहालय केलेलं? तिथे ने. हात लावायचा नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही. बागेत काय, सगळीच मुलं पास होतात. तिथून ठकूबद्दल एकही तक्रार न येता बाहेर पडलात, तर ने तीन महिने. एक जरी आली, तरी ती इथे राहील."

"कबूल."

"मी बरोबर येणार."

"या की," मी म्हटलं आणि तिथल्या तिथे तयारीला लागले.

चार दिवस मी घराचं संग्रहालय करून टाकलं. कॅलेंडर, आरसा, नवऱ्याचा पदवी घेतानाचा फोटो, सगळं एका रांगेत भिंतीला टेकवलं आणि ठकूला नियम शिकवला: चौकट दिसली की हात मागे, मान जरा तिरकी, आणि "छान आहे" म्हणायचं. ठकूला तो खेळ इतका आवडला की दुसऱ्या दिवशी ती खिडकीसमोर हात मागे बांधून उभी राहायला लागली, तिसऱ्या दिवशी फ्रिजसमोर. चौथ्या दिवशी समोरच्या काकू विरजण मागायला दारात आल्या. ठकूने त्यांना चौकटीत पाहिलं, हात मागे घेतले, मान तिरकी करून नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "छान आहे." काकू दिवसभर खुशीत होत्या.

पोरगी तयार होती. प्रश्न तिचा नव्हताच, पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

माझी पिशवीही तयार होती. दोन जोड कपडे, पाणी, बिस्किटं, जखमेवर लावायच्या पट्ट्या, टेबलाच्या टोकदार कोपऱ्यांना चिकटवायचे रबरी कोपरे, मुलांचं तोंड पुसायच्या ओल्या पुसण्यांची दोन पाकिटं, आणि कुठे थांबायची वेळ आली तर बाकावर बसून चित्र काढायला बारा रंगखडू. आमच्याकडे पूर आला, भूकंप झाला, तरी ही पिशवी पुरेल. उलट ती आम्हाला उचलून नेईल.

संग्रहालयाच्या दारात एक काका बसले होते. कमरेला एवढा मोठा किल्ल्यांचा जुडगा की ते उठले तरी आवाज, बसले तरी आवाज. तिकीट तेच फाडत, बुटांवर चढवायचे कापडी मोजे तेच देत, आणि आत माहितीही तेच सांगत. त्यांच्यापुढे एक नोंदवही होती.

"पेन, पेन्सिल, खडू, जे काही उमटतं ते इथे ठेवा," किल्लीवाले काका म्हणाले.

मी खडूंची पेटी काढली. जाता जाता सवयीने मोजले.

अकरा.

परत मोजले. अकराच. लाल नव्हता.

"ठकू," मी खाली वाकून कुजबुजले, "लाल खडू कुठाय?"

"माहीत नाही."

मी तिचे खिसे बघितले. मोजे बघितले. मुठी उघडल्या. केसांतून हात फिरवला. खडू नाही. पण जे मूल चार दिवसांपूर्वी नाकातून वाटाणा काढून दाखवतं, त्याच्याबाबत खडू नाही म्हणजे फक्त सापडला नाही.

"काय शोधतेयस?" मागून बाई.

"रुमाल," मी म्हटलं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, इथे खरं बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि एक मिशी वाचली असती. पण परीक्षकासमोर कुणी स्वतःहून सांगतं का, की माझ्या उमेदवाराकडे बहुधा चिठ्ठी आहे?

पहिली खोली म्हणजे लांबलचक दिवाणखाना. दारासमोरच खुद्द चित्रकारांचा मोठा फोटो. मिशी अशी की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. आत दोन्ही भिंतींवर माणसंच माणसं. न्यायाधीश, डॉक्टर, व्यापारी, त्यांच्या बायका, त्यांचे कुत्रे. सगळ्यांनी पैसे देऊन आपापले चेहरे काढून घेतलेले, त्यामुळे सगळे जरा बरेच दिसत होते. ठकू प्रत्येकासमोर थांबली. हात मागे. मान तिरकी. "छान आहे." पुढे. "छान आहे." एका जाड्या न्यायाधीशासमोर ती जरा जास्त वेळ थांबली. मग म्हणाली, "दमलेत."

"गुणी पोर आहे हो," काका म्हणाले.

"अजून तीन खोल्या आहेत," बाई म्हणाल्या.

मी मात्र चित्रं बघतच नव्हते. मी खाली बघत होते. या घरात पुरुषभर उंचीवर अफाट सौंदर्य होतं हे खरं, पण ठकूच्या उंचीवर नुसते कोपरे होते. त्यात चित्रकारांचं लिहायचं टेबल! त्याचा कोपरा बरोबर तिच्या डोळ्यांच्या पातळीला, आणि धार अशी की कलिंगड कापावं.

"ताई," काका म्हणाले, "हे काय चिकटवताय?"

"रबरी कोपरा. डोळ्याला लागेल ना तिच्या."

"ते टेबल शंभर वर्षं तसंच आहे."

"शंभर वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, हेच मी म्हणतेय."

काकांनी रबर हळूच सोलून काढलं, माझ्या हातात दिलं, आणि काखेतली नोंदवही उघडून काहीतरी लिहिलं. मी मान ताठ ठेवली. टेबलाबद्दल असेल, म्हटलं.

मग जिना. कठड्याच्या गजांमधलं अंतर बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिथे मुलाचं डोकं जाईल की नाही, हे कुणी तरी तपासायला नको? मी हात घालून पाहिला. हात कोपरापर्यंत सहज गेला. परत यायला त्याला तीन मिनिटं लागली आणि किल्लीवाल्या काकांचं थोडं तेल. बाई वरच्या पायरीवर हात मागे बांधून उभ्या होत्या. ठकू त्यांच्या शेजारी, तशीच. दोघी खाली माझ्याकडे बघत होत्या.

"छान आहे," ठकू म्हणाली.

काकांनी पुन्हा वही काढली.

वरच्या मजल्यावर चित्रकारांची कामाची खोली. मोठी खिडकी, लाकडी जमीन, रंगांचे डाग जसेच्या तसे राखलेले. मधोमध चित्र ठेवायची घोडी, आणि तिच्यावर एक चित्र. काका म्हणाले, चित्रकार गेले त्या दिवशी ही घोडी जिथे होती तिथेच आहे, बोटभरही हललेली नाही.

चित्र त्यांच्या बायकोचं होतं. खुर्चीत बसलेली, केस डोक्यावर गच्च बांधलेले, हात नुसते रेखाटून सोडलेले. ती मात्र समोर बघत नव्हती. तिची नजर बाजूला गेली होती आणि ओठ जरासे उघडे होते.

काकांचा आवाज बदलला. पाठ असलेल्या माणसाचा असतो तसा झाला. "या नजरेतलं गूढ आजवर कुणाला उकललेलं नाही. जाणकार म्हणतात, ही स्त्री दूर क्षितिजापलीकडे काहीतरी शोधते आहे. काही म्हणतात, विरह. ओठांवर एक न उच्चारलेला शब्द..."

मला राहवलं नाही. सकाळपासून मी फार ऐकून घेतलं होतं.

"क्षितिज कसलं हो काका? पोर कुठे गेलं ते बघतेय ती."

"ताई, मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय यावर."

"त्यांतल्या कुणाला पोरं सांभाळायला लागली होती? आणि तो न उच्चारलेला शब्द मी सांगते तुम्हाला. 'खाली ठेव' असणार तो. बायकोला तासनतास खुर्चीत बसवायचं, वर ती दुसरीकडे बघते म्हणून गूढ! हात अर्धे का राहिले तेही सांगते. उठली असेल ती. उठावंच लागलं असेल."

बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. पण बोलल्या नाहीत. बाई गप्प राहिल्या म्हणजे उत्तराच्या पायऱ्या बरोबर आहेत, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

"पुढची खोली उघडतो," काका जरा दुखावून म्हणाले आणि शेजारच्या दाराकडे गेले. बाई त्यांच्या मागे. किल्ल्यांची शोधाशोध सुरू झाली.

मी विजयी मुद्रेने वळले, आणि ठकू नव्हती.

दारात नाही. खिडकीशी नाही. घोडीच्या मागे नाही. माझं काळीज पायातल्या कापडी मोज्यात गेलं. आणि मग, खोटं नाही सांगत, मी चित्रातल्या बाईकडे पाहिलं. ती बघत होती तिकडे पाहिलं. खोलीचा उजवा कोपरा, कपाटाच्या पलीकडे.

तिथे ठकू उभी होती. एका लालसर दोरीच्या अलीकडे, हात मागे, मान तिरकी. आणि दोरीच्या पलीकडे, भिंतीवर, बरोबर तिच्या छातीच्या उंचीला, लाल खडूने काढलेलं माणूस होतं.

प्रचंड डोकं. बशांएवढे डोळे. केस झाडूसारखे वर. हात सरळ कानांतून निघालेले. मी हे चित्र ओळखते. आमच्या फ्रिजवर ते सहा वेळा आहे, न्हाणीघराच्या दारावर दोनदा, आणि डॉक्टरांच्या टेबलावरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एकदा.

"ठकू, हे काय आहे?"

"आई आहे," ठकू म्हणाली.

झालं. तीन महिने माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

"कुणी काढलं?"

"माहीत नाही."

"लाल खडू कुठाय?"

"माहीत नाही."

"ठकू, आईशी खरं बोलायचं."

"मी नाही काढलं. माझे हात मागे होते."

होते. अजूनही होते. पण आई झाल्यापासून माझा पुराव्यावरचा विश्वासच उडालाय. आणि मग मला दिसली ती मिशी. बशांएवढ्या डोळ्यांखाली, जाडजूड, या कानापासून त्या कानापर्यंत, दोन्ही टोकं वर वळलेली. खाली फोटोत पाहून आली होती, दुसरं काय!

"आणि आईला मिशी काढलीस?" मी म्हटलं. हे मला जास्तच लागलं.

ठकूचा खालचा ओठ थरथरला. "मी नाही," ती पुन्हा म्हणाली, हळूच. मी त्या ओठाकडे पाहिलं आणि तरीही विश्वास ठेवला नाही. या सगळ्या प्रकरणात मला लाज वाटते ती एवढ्या एकाच गोष्टीची.

शेजारी कुलूप निघाल्याचा आवाज आला. वेळ नव्हता. मी दोरी ओलांडली, गुडघ्यांवर बसले, ओली पुसणी काढली आणि मिशीवरून फिरवली. डावी बाजू साफ. पुसणी झकास होती. दुसऱ्या फटक्यात उजवी बाजू. मग मी डोक्याकडे वळले, पण डोकं काही हलेना. घासलं. दुसरी पुसणी काढली. डोळे तसेच, केस तसेच. आमचे खडू इतके चिवट कधीपासून झाले, असा विचार मनात येतो न येतो तोच मागे किल्ल्या वाजल्या.

"आणि आता," दार उघडून काका बाईंना सांगत परत येत होते, आवाज पुन्हा पाठांतराचा, "या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. चित्रकारांनी शेकडो लोक रंगवले, पण स्वतःचं चित्र एकदाही काढलं नाही. त्यांचं जगातलं एकमेव चित्र या भिंतीवर आहे. काढलंय त्यांच्या चार वर्षांच्या मुलीने, त्यांच्याच लाल खडूने. काच काल तडकली, पाटी काचेवरच होती, दोन्ही दुपारी येतील, तोवर जरा जपून..."

ते कपाटाच्या अलीकडे आले आणि थांबले. मी गुडघ्यांवर. हातात पुसणी. पुसणी लाल.

त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"मिशी."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ठकूकडे. ठकूचे हात मागे होते.

"कुणी पुसली?" बाईंनी विचारलं. हाच आवाज बत्तीस वर्षं 'खिडकी कुणी फोडली' विचारत असणार.

"मी," मी म्हटलं आणि उभी राहिले.

"आई दोरीच्या आत गेली," ठकूने माहिती पुरवली.

काकांनी खाली जाऊन मॅडमना आणलं. मॅडम म्हणजे त्या संग्रहालयाच्या प्रमुख. उंच, शांत, गळ्यात दोरीला लावलेलं भिंग. असं शांत माणूस आपल्याला रागावतं तेव्हा आपण शाळेत नाव घातल्याच्या दिवसापासूनच्या सगळ्या चुका आठवतात.

"तुम्ही याला हात लावलात?"

"पुसलं."

"कशाने?"

मी पाकीट दिलं. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली, पण मला आता जोर चढला होता. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तसं. "पाणी नव्व्याण्णव टक्के," मी म्हटलं. "आम्ल नाही, मद्यार्क नाही. मी पाणी तपासते, हेच काम आहे माझं. लहान मुलाच्या गालाला चालतं ते तुमच्या भिंतीला चालेल."

"ताई, ती शंभर वर्षं जपलेली भिंत आहे."

"मग दोरी गुडघ्याच्या उंचीवर आणि पाटी दुसऱ्या गावाला, ही जपणूक कशी?"

मॅडम वाकल्या, भिंग लावलं, आणि बराच वेळ तशाच राहिल्या. काका किल्ल्या घट्ट धरून उभे होते, वाजू नयेत म्हणून.

"बाकी सगळं शाबूत आहे," अखेर मॅडम म्हणाल्या. "चित्रकारांनी स्वतः यावर रोगण चढवून ठेवलं होतं, खडू झडू नये म्हणून. डोळे, केस, हात, काही निघालेलं नाही."

"बघा."

"पण मिशी निघाली."

"मग ती रोगणाच्या वर असणार," मी म्हटलं. यात धाडस काही नव्हतं, साधा हिशोब होता. "खालचं पाण्याने निघत नाही. निघालं ते वरचं. म्हणजे चित्रकारांनी रोगण लावल्यानंतर कुणीतरी काढलेलं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. तोंडातून निसटलंच त्यांच्या.

मॅडमनी मान वर केली. मी आणि बाईही वळलो. काका जुडग्यातली एक किल्ली अशा बारकाईने तपासत होते, जणू ती आज पहिल्यांदाच भेटली.

"काका?" मॅडम म्हणाल्या.

"आठ वर्षं झाली," काका किल्लीला म्हणाले. "तुमच्या आधी. तेव्हाही काच बदलायला काढली होती. लोक फार विचारायचे हो. खाली फोटोत एवढी मिशी, मग इथे मिशी कुठाय? दिवसातून पन्नास वेळा. मिशी कुठाय, मिशी कुठाय. सांगून सांगून तोंड दुखायचं. एक खडू पडला होता कपाटात. एक जाड रेघ तर मारली. पुढे कुणी विचारलं नाही."

कापडी मोज्यांतले आम्ही चारही मोठे एकदम भिंतीकडे वाकलो.

मिशी होती तिथे, रोगणाखाली, लहानसं गोल होतं. शून्यासारखं. पूर्ण उघडं तोंड.

"आई," ठकू मागून म्हणाली. "ओरडतेय."

मॅडम सावकाश सरळ झाल्या. कोपऱ्यातून घोडीकडे वळून पाहिलं. घोडीवरची बाई बरोबर आमच्याकडेच बघत होती, ओठ जरासे उघडे. डोक्यावर गच्च बांधलेले केस. भिंतीवरचा झाडू तो हाच.

"हे चित्रकार नाहीत," मॅडम म्हणाल्या, स्वतःशीच. "ही त्या आहेत."

"कसे असतील चित्रकार?" मी म्हटलं. मला आता कोण थांबवणार होतं? "चार वर्षांच्या मुलीने घरात दिवसभर पाहिलं कुणाला? बाप त्या घोडीच्या मागे. दिसत असतील त्याचे पाय. पहिलं काढलेलं माणूस म्हणजे आईच असते, ओरडत असली तरी. आणि त्या बिचारीच्या तोंडावर आठ वर्षं मिशी बसवलीत तुम्ही! माझ्या मुलीने एका नजरेत ओळखलं. तिने मला सांगितलंसुद्धा."

एवढं म्हणाले आणि मला आठवलं की तिने मला आणखीही एक सांगितलं होतं. दोनदा.

मी ठकूसमोर खाली बसले. "तू नव्हतं काढलंस."

"नाही."

"मी चुकले."

ठकूने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या पापणीवर मघाचं पाणी अजून होतं. "आई," ती म्हणाली, "हात मागे."

मी हात मागे घेतले. राहिलेल्या दोन खोल्या मी तशाच पाहिल्या, आणि माझ्या मागे दोन पावलांवर ठकू होती, लक्ष ठेवून.

मॅडम काही रागावल्या नाहीत. त्यांना वेळ नव्हता. छापून आलेल्या माहितीपुस्तिकांचे गठ्ठे खाली पडले होते, आणि प्रत्येकीवर मिशी होती. जाताना त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला आणि म्हणाल्या, "तुमचे आभार मानायचे की काय करायचं, ते उद्या ठरवून कळवते." अजून कळवलेलं नाही.

बाहेर पडताना मी दारातल्या टेबलाशी थांबले. हीच ती घटका. "काका," मी बाईंना ऐकू जाईल असं विचारलं, "ठकूबद्दल एक तरी तक्रार आहे का तुमच्या वहीत?"

काकांनी वही उघडली. ते आता माझ्याशी फार जपून बोलत होते. "अकरा दहा," त्यांनी वाचलं. "मुलीच्या आईने टेबलाला रबर चिकटवलं. अकरा पंचवीस. मुलीच्या आईचा हात कठड्यात, तेल लावून सोडवला. अकरा पन्नास. मुलीच्या आईने मिशी..." इथे ते खाकरले. "हे जरा बदलायला लागेल."

"आणि मुलगी?"

"मुलगी: तक्रार नाही. पुन्हा यावे."

"ऐकलंत, बाई?"

बाईंनी अभिप्रायाची वही पुढे ओढली. पर्स उघडली. आत चाचपडून लिहायला एक वस्तू काढली.

लाल खडू.

माझं तोंड त्या भिंतीवरच्या चित्रातल्यासारखं झालं. "हा तुमच्याकडे होता?"

"सकाळी पेटीतून घेतला. गुण द्यायला लाल लागतो."

"मग जमा का नाही केला दारात?"

"मला कुणी विचारलं नाही. तू रुमाल शोधत होतीस."

त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: ठकू, दहापैकी दहा. खाली रेघ मारली, दोनदा, जशी त्या पहिल्या आलेल्यांना मारत असत.

"आणि मला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तू परीक्षेला बसली नव्हतीस," बाई म्हणाल्या आणि खडू ठकूच्या हातात दिला. "पोर कुठेही नेण्यासारखी आहे. माझंच चुकलं, कबूल करते. तिला ने खुशाल. पण तुला एकटीला सोडता येणार नाही. मी येते बरोबर."

नवऱ्याला हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्याने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवलं. चेहऱ्यावर इतका आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

हे मी प्रशिक्षणाच्या गावाहून लिहिते आहे. ठकू माझ्याजवळ आहे, रात्री माझाच कान धरून झोपते. म्हणजे पैज मी जिंकले, हे कृपा करून लक्षात ठेवा. बाई पलीकडच्या खोलीत असतात. फक्त रोज सकाळी कामाला निघताना मी दाराच्या चौकटीत उभी राहते, तेव्हा ठकू समोर येऊन विचारते, "हात?" मी पिशवी कोपराला अडकवून हात मागे घेते. ती मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत बघते, आणि "छान आहे" म्हणाली की मगच जाऊ देते.

आतून बाईंचा आवाज येतो.

"साडेसहा."